एम. मुळे यांची हाडं

६ ऑगस्ट

आजची सगळी सकाळ डॉ. अनुपच्या दवाखान्यात गेली. पंधरवड्यापूर्वी खिडकीतला कूलर काढताना माझ्या पाठीत चमक भरली होती, तेवढंच निमित्त. अमरावतीत कूलर काढताना ज्याच्या पाठीत चमक भरत नाही, त्याच्या घरी एसी तरी असतो किंवा जावई तरी. ही काही बातमी नव्हे. पण माधवीने हट्टच धरला. त्या मुलाने (डॉक्टर म्हणायला जीभ वळत नाही, त्याच्या वडिलांची केस मी चालवली आहे) हाडांची घनता मोजायच्या मशीनवर आधी मला निजवलं. मग "काकू आल्याच आहेत तर त्यांचीही करून घेऊ" म्हणत हिला निजवलं.

निकाल असा. आम्हा दोघांपैकी एकाची हाडं वयाच्या मानाने दणकट आहेत. दुसऱ्याची ठिसूळ झाली आहेत, एक मणका थोडा दबलासुद्धा आहे. ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरच्या मते ठिसूळ हाडं माझी.

मी शांतपणे विचारलं, हा आजार जास्त करून कोणाला होतो? म्हणाला, "बायकांना. पण पुरुषांनाही होतो, काका." मी म्हटलं, "पण"च्या आधीचं तेवढं नोंदवून घ्या. मग दोन्ही रिपोर्ट मागवले. दोन्हींवर नाव एकच, एम. मुळे. मी मोरेश्वर, ही माधवी. जन्म वकिलीत घालवलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं? कंपाउंडरने अदलाबदल केली, दुसरं काय. डॉक्टर वय दाखवत बसला, वजन दाखवत बसला. शेवटी उंची दाखवली, तर ती माझ्या खऱ्या उंचीपेक्षा दोन इंच कमी! मी म्हटलं, हाच माझा पुरावा.

रिक्षाने घरी आलो. ही बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभी होती. मग वळून म्हणाली, "बरं. माझाच असेल रिपोर्ट. त्यांनी व्यायामाचा वर्ग सांगितलाय, सगळ्यांनी मिळून करायचा. मला एकटीला जायची भीती वाटते. तुम्ही याल रोज सोडायला?"

बिचारी. मी तत्काळ हो म्हटलं.

१० ऑगस्ट

वर्ग बुद्धविहाराच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. हॉलची किल्ली देवमन गवई यांच्याकडे असते. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, वर्गातले एकमेव पुरुष. मला धरायचं नाही. मी सोडायला जातो. शिकवते रश्मी वानखडे. फिजिओथेरपिस्ट आहे, दिसते कॉलेजातली पोर, पण आवाज असा की कोर्टात माईक लागणार नाही. बाकी सगळ्या बायका, आणि भिंतीला टेकवलेली प्रत्येकीची एक खुर्ची.

रश्मीने आधी कशाकशाची मनाई ते सांगितलं. पाठ गोल करून वाकायचं नाही. कंबर पिळून मागे बघायचं नाही. जड उचलायचं नाही, जमिनीवरून तर मुळीच नाही. ठिसूळ मणक्याला पुढचा वाक सोसत नाही, म्हणाली.

आशाबाई म्हणून एक आहेत, मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या, डाव्या मनगटाला प्लॅस्टर. त्या म्हणाल्या, "मंग घरचा झाडू कोन मारन? तू येशीन का?"

"लांब दांड्याचा घ्या, आजी," रश्मी म्हणाली.

मी शेवटच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसलो, तर ही पोर मला म्हणते, "काका, नुसते बसून काहून राहिले? आकडे तरी मोजा." म्हणून मोजले. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. टाचा उचलून धप्पकन खाली आणायच्या, हाडांना तेवढा दणका हवा असतो म्हणे. मी खड्या आवाजात आकडे मोजू लागलो तशा बायका झपाझप उठायला लागल्या. एका पायावर उभं राहण्यात माधवी सर्वांत टिकली. एवढा आजार अंगावर असून! तिच्या मनाचा निर्धार मोठा, हे मी नेहमीच म्हणत आलो आहे.

१४ ऑगस्ट

गोळ्या सुरू झाल्या. माधवीच्या. पण एकटीने तिच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून मीही सोबतीला घेतो. आठवड्यातून एक मोठी गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मला काही अपाय नाही ना, असं मी विचारलं. म्हणाली, डॉक्टरांनी दिलंय ते विचारूनच. मी माझी गोळी तिच्यादेखत घेतो. ती तिची स्वयंपाकघरात जाऊन घेते. आजारी माणसाला संकोच वाटतो, मी खोलात जात नाही.

२१ ऑगस्ट

अकोल्याहून शैलाचा फोन. माझी धाकटी बहीण, जुन्या शहरात राहते. तिच्या अश्लेषाचं लग्न ठरलं! आठ डिसेंबर, अकोल्यातच.

अश्लेषा चौथीत असताना शैलाचे यजमान गेले. तेव्हापासून त्या पोरीच्या शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीच्या बाहेर मीच उभा राहिलो आहे. मला पोटची मुलगी नाही, आणि तिला वडील नाहीत. याहून जास्त लिहीत नाही, अक्षर बिघडतं.

आमच्या घराण्यात मुलगी गौरीहर पुजायला बसते ना, तिथून मामाने तिला पाटावरून उचलायचं आणि तसंच बोहल्यावर नेऊन उभं करायचं. हात धरून चालवत नेणं हे हल्लीच्या नाजूक मामांचं. थोरल्या भाच्यांपैकी मी रोहिणीला उचललं, मृणालला उचललं, आणि मृणाल लहानपणापासून खात्यापित्या घरची होती. अश्लेषा तर माझी सर्वांत लाडकी. फोनवरच शैलाला सांगून टाकलं, "मामा उचलणार."

माधवीच्या हातून उलथनं पडलं. म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"तुम्ही उचलायचं नाही."

"हाडं तुझी ठिसूळ आहेत, माझी नव्हेत," मी म्हणालो. "तुला कोणी उचलायला सांगितलंय?"

ती उलथनं उचलायलासुद्धा वाकली नाही, माझ्याकडे बघतच राहिली. मग मीच वाकून उचललं, तर केवढ्याने ओरडली!

११ सप्टेंबर

घरी महालक्ष्म्या बसल्या आहेत. आज जेवणाला माणसं आणि संध्याकाळी हळदीकुंकू. माधवीने सगळा वर्ग बोलावला होता. दर वर्षी आमच्याकडे बायका येतात, वाकतात, वाटली डाळ खातात, जातात. यंदा जे झालं ते मी आजवर पाहिलं नव्हतं.

रश्मीने या सगळ्यांना नमस्कारही नव्याने शिकवला आहे. पाठ सरळ, गुडघे थोडे मोडायचे, बूड मागे, आणि वाक फक्त खुब्यातून. महालक्ष्म्यांपुढे जरीच्या साड्या नेसलेल्या बायका एका रांगेत खुर्चीवर बसता बसता थांबल्यासारख्या उभ्या राहिल्या. आमचे गुरुजी आरतीचं ताट हातात घेऊन थिजले. मला हळूच म्हणाले, "यांना बसायला पाट देऊ का?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी घरातला वडीलधारा, पाय जुळवून आशीर्वादाचा हात वर केला. एकीचाही हात माझ्या पायापर्यंत पोचला नाही. आशाबाई अर्ध्यातच थांबून म्हणाल्या, "इथूनच पावला म्हना, वकीलसाहेब. याच्या खाली रश्मीची मनाई हाय."

शेवटी मी स्वतः देवीला साष्टांग नमस्कार घालायला गेलो. गुडघा जमिनीला टेकतो न टेकतो तोच मागून माधवी आणि रश्मी एकदम "अहो!" आणि "काका!" म्हणून किंचाळल्या. मला खुर्ची धरून नमस्कार करायला लावला. वर्गासोबत राहायचं तर वर्गाचे नियम, म्हणे. बायकांच्या राज्यात अपील नसतं.

२५ सप्टेंबर

आजपासून मीही व्यायाम करतो. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. रश्मीला मी सहज विचारलं होतं, मुलीला पाटावरून उचलायचं तर अंगात काय लागतं? तिने माझ्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी पाय लागतात, काका. मांड्या लागतात. पाठ तं सगळ्यात शेवटी."

"किती दिवसांत तयार होईन?"

"तुमी सुरू तं करा. मी सांगल्याशिवाय काही उचलू नका फक्त."

तेव्हा आता खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, टाचेला अंगठा जुळवून रेषेवर चालणं, रबराचा पट्टा ताणणं, सगळं. माझ्या खुर्चीवर रश्मीने माझं नाव चिकटवलं. "एम. मुळे". मी म्हटलं, हा घोळ परत नको, पूर्ण नाव लिही.

३० सप्टेंबर

वर्ग सुटल्यावर देवमनराव आणि मी गिला वडा खायला थांबलो. संधी बघून मी उलटतपासणी घेतली. "देवमनराव, तुमचा रिपोर्ट तुमचाच हे कशावरून?"

"मणका माहाच मोडला न जी. गॅसची टाकी उचलाले गेलो तं खट्‌कन आवाज आला. घरात मी एकलाच होतो."

पुरावा बिनतोड. मी म्हटलं, अपवाद असतात.

"मले बी तसंच वाटे," ते म्हणाले. "बाईमानसाचा आजार, आपल्याले कायचा? कोनाले सांगतलं नाही. मंग पट्टा बांधून पलंगावर पडलो. पोरगी घास भरवे. तवा वाटलं, बाप्पा, पह्यलेच आयकलं असतं तं?"

आणि माझ्याकडे बघत राहिले. वडा तसाच राहिला तरी बघत होते. माणूस हळवा आहे.

९ ऑक्टोबर

माधवीपायी घरात माझ्यावर कामाचा बोजा पडला आहे, तो मी आनंदाने घेतो. ती बादली उचलायला गेली की मी हिसकावून घेतो. ती माळ्याकडे बघू लागली की मी स्टूल आणतो. यावर तिने आभार मानावेत की नाही? ती रडकुंडीला येते. परवापासून तर बादल्या आपोआप भरलेल्या असतात, कणकेचा डबा आपोआप खाली आलेला असतो. मी विचारलं, कोण करतं हे? म्हणाली, नळाला हल्ली पहाटेच पाणी येतं.

झब्ब्यांचा प्रकारही लिहून ठेवतो. सगळे झब्बे पुढून लांब व्हायला लागले आहेत. शिंप्याशी भांडून आलो. तो म्हणे, साहेब, झब्बे जुनेच आहेत, मी शिवून काळ लोटला.

१९ ऑक्टोबर

लिहायला चार दिवस जमलं नाही. पोटात वात धरला होता.

झालं ते असं. माधवी बाहेर गेली होती. कोपऱ्यात गव्हाचा कट्टा होता, अर्धं पोतं म्हणा ना. अश्लेषाहून हलकाच. मी म्हटलं, तयारी कुठवर आली ते बघू. रश्मीची पद्धत बरोबर लावली, गुडघे मोडले, बूड मागे. कट्टा जमिनीवरून उठला, छातीपर्यंत आला, आणि मग वाताने पाठीतून अशी कळ काढली की मी कट्ट्यासकट जमिनीवर बसलो. माधवी येईपर्यंत तसाच बसून होतो.

रश्मी संध्याकाळी घरी आली. माझी पाठ बोटांनी चाचपली. मग व्हरांड्यात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. "थोडक्यात वाचलं. आणखी एक दबला असता," एवढंच माझ्या कानावर आलं. कशाबद्दल बोलत होत्या देव जाणे. आमचा सोफाही दबला आहेच म्हणा.

माधवी पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "मला वचन द्या. अश्लेषाला उचलणार नाही."

मी म्हटलं, "दुसरं काहीही माग."

"मला दुसरं काही नको."

तिचा हात माझ्या छातीवर होता. मी सांगितलं, तुझी हाडं अशी झाल्यापासून तू फार घाबरट झाली आहेस. ती उठून गेली. मी आज हे लिहितो आहे आणि मला स्वतःचाच राग येतो आहे, पण नेमका कशाबद्दल ते सापडत नाही.

१७ नोव्हेंबर

अश्लेषाचं केळवण आपल्याकडे केलं. सांबारवडी, पुरण, सगळं. सांबारवडीचा सांबार (पुण्यामुंबईची कोथिंबीर) मी निवडला, कारण बसून करण्याचं काम आहे. वर्गात परत जाऊ लागलो आहे आणि आता हात न टेकता खुर्चीवरून उठणाऱ्यांत मी देवमनरावांच्या पुढे आहे.

जेवण झाल्यावर पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, मी चालत आले तर?"

"कोणी शिकवलं तुला? मामीने?"

"कोणी नाही. माझं वजन वाढलंय."

"माझी ताकदही वाढली आहे."

"मामा, तुम्ही माझ्यासोबत आलात म्हणजे झालं मला. कसे का येईनात."

मी तिला म्हटलं, "तुझे बाबा असते तर कन्यादान त्यांनी केलं असतं. आता ते काका करतील. मग माझ्या वाट्याला काय येतं? एवढंच ना. गौरीहर ते बोहलं, तेवढं अंतर माझं आहे. तेही तू काढून घेणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जिंकलो. युक्तिवाद जिंकल्यावर एरवी मला चहा गोड लागतो, आज लागला नाही.

३० नोव्हेंबर

माधवी म्हणते, ती लग्नाला येणार नाही.

"का?"

"मला बघवणार नाही."

प्रवासाची भीती घेतली असावी. मी समजूत घातली, बसने सावकाश जाऊ, पुढची सीट घेऊ. आणि तिला सोबत व्हावी म्हणून वर्गातल्या सगळ्यांना आमंत्रण देऊन आलो. ते कळल्यावर ती यायला तयार झाली. खरं लिहायचं तर दुसरंही कारण आहे. महिनोन्महिने ज्यांनी मला खुर्चीवरून उठताना पाहिलं, त्यांनी मला उचलतानाही पाहावं.

रश्मीने तोंड पाडलं. तिला त्या दिवशी दवाखान्याची ड्युटी आहे. जाताना म्हणाली, "काका, तुमी माहं काहीच आयकत नाही, पन आकडे मस्त मोजता. तुमी नसले तं वर्ग झोपते." मुलीने पाया पडावं तसं खुब्यातून वाकून मला नमस्कार केला आणि पटकन निघून गेली.

८ डिसेंबर, अकोला

मंगल कार्यालयाच्या खोलीत बसून लिहितो आहे. वरात गेली.

मुहूर्ताच्या थोडं आधी गुरुजींनी हाक घातली, "मुलीच्या मामाने मुलीला आणावं." मी उपरणं कमरेला खोचलं आणि आतल्या खोलीत गेलो. गौरीहरापुढे पाटावर अश्लेषा बसली होती, मी दिलेली पिवळी साडी नेसून, ओंजळीत तांदूळ. फार सुंदर दिसत होती. मी तिच्यासमोर पाय रोवले, गुडघे मोडले, हात पुढे केले.

मागे खुसफुस झाली म्हणून वळलो. कंबर न पिळता, पाय फिरवून वळलो, आता सवयच झाली आहे. बघतो तर माझ्या पाठीमागे सगळा वर्ग उभा! आशाबाई, कौशल्या, माणिकबाई, सगळ्या जणी शालू-पैठण्या नेसून अर्धवर्तुळात. पाठी सरळ, गुडघे मोडलेले, हात पुढे पसरलेले. डाव्या बाजूला सुटाबुटातले देवमनराव, तसेच. आणि अगदी मधोमध, माझ्या बरोबर मागे, पदर खोचून माधवी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही जी," आशाबाई म्हणाल्या. "तुमी उचला बिनधास्त. आमी हावोत मांगं. पडले तं झेलतो."

"आशाबाई, तुमचं मनगट आत्ता कुठे जुळलंय!"

"मंग काय झालं? दुसरं हाय न."

देवमनराव म्हणाले, "डावी बाजू मी पाह्यतो, वकीलसाहेब. तुमी मुहूर्त पाहा."

कोणी हसत नव्हतं. त्यांनी खरोखरच तसं ठरवलं होतं. माधवीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात पसरलेलेच होते. म्हणाली, "उचला. मी धरते तुम्हाला."

मी तिथे उभ्या उभ्या विचार केला, आणि वकील म्हणूनच केला. समजा डॉक्टर चुकला आणि मी म्हणतो तेच खरं, ठिसूळ हाडं माधवीची. तर मी अडखळलो की पहिला भार तिच्यावर, आणि ती मोडणार. समजा डॉक्टर बरोबर आणि हाडं माझी. तर मी मोडणारच, आणि माझ्यासोबत हा सगळा वर्ग. कारण या माणसांनी मला जमिनीपर्यंत जाऊ दिलं नसतं. रिपोर्ट कुणाचाही धरा, हुकूम एकच निघत होता. इतके महिने मी ज्या मुद्द्यावर लढलो तो मुद्दाच गैरलागू होता.

मी हात खाली घेतले. मोठ्याने खाकरलो.

अश्लेषा खालून हळूच म्हणाली, "मामा, हात द्या ना. पायाला मुंग्या आल्यात, मला उठवत नाहीये."

मी हात दिला. ती माझ्या हातावर भार देऊन उठली, तेवढा भार मला पेलला. मग आम्ही निघालो. ती मुंग्यांमुळे हळू, मी माझ्या कारणाने हळू. आशाबाईंनी मागून आकडे मोजायला सुरुवात केली, त्यांना गप्प करावं लागलं. मांडवात वरपक्षाकडचा कोणी म्हणालाच, "मामानं उचललं नाही वाटतं?" मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. पण मंगलाष्टकं होईपर्यंत मी अश्लेषाच्या पाठीशी ताठ उभा होतो, आणि शेवटच्या अक्षतेनंतर तिने मागे हात करून माझं बोट घट्ट धरलं. मुलीचे बाबा असते तर त्यांचंही तिने असंच धरलं असतं.

९ डिसेंबर

सकाळच्या बसने अमरावतीला परत. माधवी खिडकीशी. मूर्तिजापूर मागे पडलं.

अडचण मुळात हाडांची नव्हतीच, उचलण्याची होती. ते एकदा उरलं नाही, तेव्हा बाकीचं मान्य करायला फार वेळ लागला नाही. बस एका फाट्यावर थांबली होती, तेव्हा मी म्हणालो, "माधवी, तो रिपोर्ट माझाच आहे."

ती बाहेर बघत होती. "कुठला?"

"ठिसूळ हाडांचा. एम. म्हणजे मोरेश्वर."

तिने मान वळवली. "नक्की ना? उद्या परत फिरवाल."

"नाही. अपील करणार नाही. गोळ्याही माझ्याच, माहीत आहे मला. आणि बादल्याही मी उचलणार नाही."

"मग माझी हाडं?"

"उत्तम आहेत."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, पर्स मांडीवर नीट ठेवली, आणि रडायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मोठ्याने. ऑगस्टपासून आजवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती कुठे आणि केव्हा रडत होती हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. मी तिचा हात धरला. दुसरं काय करावं कळेना.

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. "काय झालं जी बाईले? बरं नाही का?"

"काही नाही," मी म्हणालो. "हिची हाडं चांगली निघाली."

"मंग रडून काहून राहिल्या?"

याचं उत्तर मला माहीत होतं. "माझी चांगली निघाली नाहीत म्हणून," मी म्हणालो.